पानांची हजेरी घेणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई ठोसर खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या की आमच्या नारायण पेठेतल्या ऑफिसात सगळ्यांना कळायचं, आता साईटमॅप जाणार. सगळे म्हणजे आम्ही पाच-सहा माणसंच, पण तेवढ्यांतही एक हालचाल व्हायची. फोनवर बोलणारा आवाज खाली आणायचा. मी हातातलं काम टाकून त्यांच्या टेबलामागे जाऊन उभा राहायचो. कुंदाताई ओढणी नीट करायच्या, कपाळावर ढकललेला चष्मा नाकावर आणायच्या आणि उभ्यानेच, की-बोर्डवर वाकून, एक बटण दाबायच्या.

"झालं?" कोणीतरी विचारायचं.

"दिलं," त्या म्हणायच्या. "झालं की नाही ते तिकडून कळेल."

बसून का देत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "बसलं की माणूस कामं उरकतो," एवढंच उत्तर मिळालं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही छोट्या दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कारखान्यांच्या वेबसाईट बनवायचो. वेबसाईट बनली म्हणजे लोकांना ती सापडतेच असं नाही. सर्च इंजिनला कळावं लागतं की या नावाची वेबसाईट आहे, तिच्यात अमुक पानं आहेत, ती अमुक पत्त्यांवर आहेत आणि प्रत्येक पानात शेवटचा बदल अमुक दिवशी झाला. ही सगळी माहिती एका फाईलमध्ये ठराविक पद्धतीने मांडून सर्च इंजिनकडे द्यायची, तिला साईटमॅप म्हणतात. ती तयार करायला आता सॉफ्टवेअर आहेत, डोळ्याची पापणी लवायच्या आत फाईल तयार होते. मी हल्ली हिंजवडीत ज्या कंपनीत जातो तिथे असंच होतं. तिथे कोणी उभं राहत नाही. परवा एका नवीन साईटची फाईल आपोआप गेलेली पाहिली आणि नकळत खुर्ची मागे सारून मीच उभा राहिलो. शेजारच्या मुलीने विचारलं, "सर, एनी प्रॉब्लेम?" तिला काय सांगणार? म्हणून हे लिहायला घेतलं.

मी तिथे वेबसाईटचा मजकूर लिहायचो. माझा स्वभाव मुळातच अपराधी. दुसऱ्याच्या हातून कप फुटला तरी "सॉरी" माझ्या तोंडून जातं. कुंदाताईंनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. "आगाशे," त्या म्हणाल्या, "तुम्ही जन्मलात तेव्हा डॉक्टरांची झोपमोड झाली म्हणून माफी मागितली असेल." मला हसू आलं आणि हसल्याबद्दल मी माफी मागितली.

त्या मूळच्या अमरावतीच्या. लग्न होऊन पुण्यात आल्याला बरीच वर्षं झाली होती आणि बोलणं अगदी पेठेतलं झालं होतं, नेमकं आणि थोडं तिरकं. पण आनंद अनावर झाला की आतून अमरावती बाहेर यायची. "थांबा ना बाप्पा" असं ऐकू आलं की समजायचं, काहीतरी मोठं घडलंय.

त्यांची एक पद्धत होती. तिला त्या हजेरी म्हणायच्या. साईटमॅप देण्याच्या आदल्या दिवशी त्या ग्राहकाला ऑफिसात बोलावून घ्यायच्या, समोर बसवायच्या आणि त्याच्या वेबसाईटवरचं एकेक पान नाव घेऊन मोठ्याने पुकारायच्या. ग्राहकाने प्रत्येक पानाला "असू द्या" किंवा "काढा" म्हणायचं. आमचा मालक निनाद याला ही पद्धत मुळीच आवडत नसे. "कुंदाताई, हे फार ओल्ड स्कूल आहे, क्लायंटचा टाइम जातो," तो म्हणायचा. वयाने तो माझ्या निम्मा, पण माणूस वाईट नव्हता. त्याला पुढच्या कामाची घाई असायची, बस.

शेजारच्या गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक साठे हजेरीला आले होते तो दिवस मला अजून दिसतो. आल्या आल्या त्यांनी घड्याळ बघितलं.

"म्हणजे वेबसाईट तुम्ही केलीत आणि वाचायची मी?"

"पानं तुमची आहेत," कुंदाताई म्हणाल्या. "पहिलं पान, आमच्याबद्दल."

"असू द्या. आमच्याबद्दल दुसरं कोण लिहिणार?"

"वाचनाचे चष्मे."

"असू द्या."

"नमुना पान."

"हा कोण?"

"साईटबरोबर आपोआप आलेला. तुमच्याकडे राहतो, भाडं देत नाही."

साठ्यांनी पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली. "काढा त्याला."

"होळीनिमित्त गॉगलवर खास सवलत."

"कुठली होळी?"

"ते तुम्हीच सांगा."

साठ्यांनी घड्याळ बघणं सोडलं. मग त्यांना गंमत वाटायला लागली. पुढचं पान कुठलं येतं म्हणून ते कान देऊन ऐकू लागले, मध्येच "हे अजून आहे होय?" असं लहान मुलासारखं विचारू लागले. डोळे तपासणाऱ्या बाईंचं पान आलं तेव्हा मात्र थांबले. "त्या सोडून गेल्या," म्हणाले. "लोक अजून त्यांचं नाव घेऊन येतात आणि मला वाटतं, मुद्दाम टोचतायत. आपणच बोलावतोय की." जाताना त्यांनी दारातून विचारलं, "बरं, दुकानातल्या कपाटांचीही अशी हजेरी घेऊन देता का?"

कुंदाताईंचा दुसरा हट्ट तारखांचा. साईटमॅपमध्ये प्रत्येक पानापुढे शेवटच्या बदलाची तारीख असते. निनादने एक सॉफ्टवेअर आणलं होतं, ते रोज सगळ्या पानांवर आजची तारीख टाकायचं. त्याचं म्हणणं, सर्च इंजिनला वाटेल की इथे रोज काहीतरी ताजं आहे. कुंदाताईंनी ते बंद केलं. निनाद चिडला.

"निनाद, तुझ्या घराखालच्या दुकानावर रोज 'आज नवीन माल आला' अशी पाटी असती, तर तू किती दिवस आत डोकावला असतास?"

"दोन."

"मग सर्च इंजिन तर मशीन आहे. त्याला तुझ्याहून लवकर कंटाळा येतो."

निनाद हसला आणि विषय संपला. त्यांच्या अशा बोलण्यापुढे तो हरायचा, पण त्याला ते लागत नसे. खरं तर त्यालाही त्या आवडायच्या.

आता पुण्याजवळच्या मांजरी गावची गोष्ट. तीच मला मुख्य सांगायची आहे.

मांजरीला शालन घुले आणि त्यांचे यजमान दत्ता यांची उसाची रोपवाटिका होती. बेण्याच्या उसाचा एकेक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, प्लास्टिकच्या ट्रेमधल्या खळग्यात, कोकोपीटमध्ये म्हणजे नारळाच्या भुशात लावायचा आणि महिन्याभरात हिरवीगार रोपं शेतकऱ्याला लागणीसाठी द्यायची, असा धंदा. त्यांची जुनी वेबसाईट साधी होती, पण चालायची. दौंड, बारामती, पार इंदापूरकडून लोक मोबाईलवर शोधून फोन करायचे. आम्ही त्यांना नवी, देखणी वेबसाईट करून दिली. तिचं उद्घाटन दसऱ्याला, त्यांच्या गुरुजींनी काढून दिलेल्या मुहूर्तावर करायचं ठरलं.

नवरात्रात कुंदाताई नेमाने अमरावतीला माहेरी जायच्या, तशा गेल्या होत्या. काम थोडं बाकी होतं, पण मुहूर्त कोण टाळणार? ऑफिसात कॉम्प्युटरला हार घातला. निनादने बटण दाबलं. नारळ मी फोडला. पेढे वाटले, फोटो काढले आणि आपट्याची पानं एकमेकांना देऊन सगळे घरी गेले. कुंदाताई परत आल्यावर त्यांनी विचारलं, "मांजरीची हजेरी झाली?" निनाद म्हणाला, "ऑल डन." दिवाळीच्या जाहिरातींची कामं अंगावर आली होती, त्यांनी विषय तिथेच सोडला.

दिवाळी झाली आणि शालनताई ऑफिसात आल्या. दोन जिने चढून, हातात रोपांनी भरलेला ट्रे घेऊन. तो त्यांनी कुंदाताईंच्या टेबलावर ठेवला. हिरव्या पात्या त्यांच्या चष्म्यापर्यंत पोचत होत्या.

"ताई, आमचा फोन वाजतच न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी वाटलं दिवाळी हाय, लोक गुंतलेत. मग ह्यांनी दोनदा रिचार्ज मारला. मग मी शेजारच्या बाईला म्हटलं, लाव बरं फोन. तर वाजतोय की."

कुंदाताई ट्रेकडे बघत होत्या. त्यांनी एक रोप हलकेच ओढून वर काढलं. खाली पांढऱ्या मुळ्यांची जाळी खळग्याच्या आकारात गुंडाळली गेली होती.

"ही अजून किती दिवस थांबतील?"

"पंधरवडा. लई झालं तर. मग मुळं अशीच गोल गोल फिरत बसत्यात, जमिनीत टाकली तरी सुटत न्हाईत. फेकायची मग. शेडभर हायेत ताई. सगळा हंगाम त्यातच हाय आमचा."

त्यानंतर कुंदाताईंनी जे केलं ते मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. त्यांनी मोबाईलवर मांजरी, ऊस, रोपं असं सगळ्या तऱ्हांनी शोधलं. घुल्यांची रोपवाटिका कुठेच नव्हती. मग त्यांनी वेबसाईटच्या पोटातली एक छोटी फाईल उघडली आणि त्यांचा हात थांबला.

वेबसाईट बनत असते तेव्हा अर्धवट पानं लोकांसमोर जाऊ नयेत म्हणून सर्च इंजिनला "आत येऊ नका" अशी सूचना त्या फाईलमध्ये लिहून ठेवतात. घर बांधताना भोवती पत्रे ठोकतात, तसं. आमच्याकडे मुहूर्तावर वास्तुशांत झाली होती आणि पत्रे तसेच उभे होते. शिवाय साईटमॅप सॉफ्टवेअरने केलेला, त्यात सगळे पत्ते आमच्या ऑफिसातल्या चाचणीच्या जागेचे. जुनी पानं आम्ही बंद केली होती, नव्यांच्या दारावर मनाई होती आणि यादीत तिसऱ्याच घराचा पत्ता होता.

निनादने मला आणि कुंदाताईंना पॅसेजमध्ये बोलावलं. त्याचा चेहरा उतरला होता. "आपण असं सांगू या का, की सर्च इंजिनचा अपडेट आलाय? म्हणजे येतातच ना अपडेट्स. त्या पॅनिक होतील उगाच."

"त्या पॅनिक झाल्यातच," कुंदाताई म्हणाल्या आणि आत गेल्या. शालनताईंसमोर बसून त्यांनी सरळ सांगितलं, "चूक आमची आहे. दार उघडायचं राहिलं. मीही आल्यावर नुसतं विचारलं, बघितलं नाही. आजच उघडते. पण उघडल्यावर सर्च इंजिन कधी येईल ते माझ्या हातात नाही, आणि मी खोटा दिवस देणार नाही."

शालनताईंनी वर काढलेलं ते रोप परत खळग्यात बसवलं. मला राहवलं नाही. नारळ मी फोडला होता, मुहूर्त झाला म्हणून टाळ्या मी वाजवल्या होत्या, असं काहीबाही मी बोलू लागलो.

"आगाशे, तुमचं नंतर," कुंदाताई म्हणाल्या. "ट्रेला पाणी घाला."

मी पाणी घातलं. शालनताई मला म्हणाल्या, "दादा, वरून न्हाई, बाजूनं."

त्याच दुपारी हजेरी झाली. दत्ताभाऊ मांजरीहून फोनवर होते, स्पीकर चालू. कुंदाताई पुकारत गेल्या. फोटोंचं पान, असू द्या. पोच आणि वाहतूक, असू द्या. लागणीची माहिती, असू द्या. मग आलं "२६५ची रोपं". हे उसाचं एक वाण. त्या भागात याला मागणी फार आणि जुन्या वेबसाईटवर सर्वांत जास्त लोक याच पानावर यायचे.

"काढा," शालनताई म्हणाल्या. "यंदा न्हाईच केली आपण."

"ऱ्हाऊ दे की," फोनमधून दत्ताभाऊ म्हणाले. "माणूस फोन तर करंल. मग बोलू काय ते. आपल्याकडं ८६०३२चं वाण तयार हाय, ते दाखवू."

"आन न्हाई म्हटल्यावर शिव्या कोण खाणार? फोन मीच उचलते."

"आता शिव्या घालायला तरी कोण फोन करतंय का?"

निनाद दाराशी उभा होता, तो म्हणाला, "भाऊ बरोबर बोलतायत. ट्रॅफिक तिथेच आहे." कुंदाताईंनी चष्मा कपाळावर ढकलला.

"का नाही केली?" त्यांनी विचारलं.

"बेणं बघितलं, मनाजोगतं नव्हतं. डोळे बारीक. म्हटलं, लोकांच्या वावरात कशाला घालायचं?"

"हेच लिहायचं. आगाशे, बसा."

मी लिहायला बसलो आणि पहिलाच परिच्छेद दिलगिरीने भरून टाकला. कुंदाताईंनी तो पुसला. उरलं ते असं: यंदा आमच्याकडे २६५ची रोपं नाहीत. बेणं मनासारखं मिळालं नाही म्हणून आम्ही ती केली नाहीत. ८६०३२ची तयार आहेत, पण पंधरा दिवसांच्या आत न्यावीत, नंतर मुळं गुंडाळतात. खाली फोन नंबर.

"पंधरा दिवसांचं कशाला सांगायचं?" दत्ताभाऊ म्हणाले. "लोक भाव पाडतील."

"भाव पाडायला तरी येतील," शालनताई म्हणाल्या. "असू द्या."

कुंदाताईंनी मनाई काढली, जुन्या पत्त्यांवरून येणाऱ्यांना नव्या पत्त्यांकडे वळवलं आणि साईटमॅप हाताने, एकेक ओळ तपासून केला. ज्या पानात बदल झाला होता त्यालाच आजची तारीख मिळाली. मग खुर्ची मागे सरली. आम्ही सगळे मागे उभे होतो, शालनताईसुद्धा. त्यांना काय चाललंय ते नीट कळत नव्हतं, पण त्यांनी डोक्यावरून पदर घेतला.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातलं वातावरणच बदललं. सर्च इंजिनचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, वेबसाईटवर आला की सर्व्हरच्या नोंदींमध्ये ओळ उमटते. कुंदाताईंनी त्या नोंदी एका स्क्रीनवर उघड्या ठेवल्या. जो पाणी प्यायला उठेल तो आधी तिकडे डोकवायचा. निनाद तर मीटिंगमधून बाहेर येऊन विचारायचा, "आला?" टेबलावरचा ट्रे तिथेच होता आणि पात्या वाढत होत्या, त्या आम्हाला सगळ्यांना दिसत होत्या. माझी भूक गेली. कुंदाताई मात्र डबा पूर्ण खायच्या आणि दर थोड्या वेळाने म्हणायच्या, "येईल. आपण हाक नीट मारलीय."

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांचा आवाज आला. "थांबा ना बाप्पा. आला ना जी. पाहा ना, पाहून राह्यला."

आम्ही धावलो. काळ्या स्क्रीनवर एकाखाली एक ओळी सरकत होत्या. पहिलं पान, फोटो, लागणीची माहिती. कुंदाताई प्रत्येक ओळ वाचून दाखवत होत्या, शाळेच्या स्नेहसंमेलनात आपली मुलं रंगमंचावर आली की आई जशी शेजारणीला सांगते तशी. २६५चं पान आलं तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग लगेच सोडला आणि म्हणाल्या, "वाचून राह्यला तुमचं लेखन. जगात एक तरी वाचक मिळाला तुम्हाला."

तरी फोन यायला आणखी वेळ गेला. आठवडा संपता संपता शालनताईंचा आवाज कुंदाताईंच्या मोबाईलमधून सगळ्या ऑफिसला ऐकू आला. दौंडकडच्या एका बागायतदाराने फोन केला होता, तोही भांडायला. २६५ का केली नाही, बेण्याला नेमकं काय झालं, कुठून आणलं होतं, डोळा किती बारीक होता. "अर्धा तास डोकं खाल्लं ताई माझं. मी म्हटलं, आता शिव्या घालतोय. तर म्हणतो कसा, बरं, मग ती ८६०३२ पाठवा दोन एकराची. आन त्याच्या भावाला पण पायजेल." मागून दत्ताभाऊंचा आवाज आला, "पंधरा दिवसांचं वाचून घाई करतोय म्हणावं तो."

फोन येत राहिले. पण सगळी रोपं वाचली नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

रोपं निघायच्या दिवशी कुंदाताई म्हणाल्या, "चला, बघून येऊ." इतक्या वर्षांत त्या कुठल्याही ग्राहकाच्या जागेवर गेल्याचं मला आठवत नव्हतं. आम्ही मांजरीला पोचलो तेव्हा टेम्पो भरत होता. शेडच्या एका अंगाला, वाढून वाकलेल्या, पिवळ्या पडू लागलेल्या रोपांचे ट्रे रचून ठेवले होते. कुंदाताई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. किती, हे त्यांनी विचारलं नाही. शालनताई मागून आल्या.

"ती पहिल्या लॉटची. ती जाणारच होती ताई."

"तुमचा फोन वाजला असता तर गेली नसती," कुंदाताई म्हणाल्या.

"नसती गेली," शालनताईंनी मान्य केलं. मग शालनताई म्हणाल्या, "चला, च्या घ्या," आणि कुंदाताई चहा न घेता सरळ ट्रे उचलायला लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या पुणं सोडून अमरावतीला कायमच्या गेल्या. तिकडे आई एकटी पडली होती. ऑफिसात त्यांना निरोप दिला, भाषणं झाली, मीही बोललो म्हणे. त्यातलं मला काही आठवत नाही. त्या मला शेवटच्या दिसतात त्या मांजरीच्या त्या दुपारीच.

टेम्पो भरून झाल्यावर ड्रायव्हरने दत्ताभाऊंना सांगितलं की दौंडच्या त्या वावरापर्यंत रस्ता खराब आहे, तो डांबरीवरच माल उतरवणार, पुढे ज्याचा त्याने न्यावा. दत्ताभाऊ "बघ की लेका, जमव" असं म्हणत त्याच्या विनवण्या करू लागले. ड्रायव्हर काही ऐकेना.

"पोच आणि वाहतूक," कुंदाताई मोठ्याने म्हणाल्या. आम्ही सगळे वळून बघू लागलो. "त्या पानावर 'शेताच्या बांधापर्यंत' असं लिहिलंय. शालनताई असू द्या म्हणाल्या होत्या. पान काढायचं का?"

"न्हाई," शालनताई म्हणाल्या.

"मग बांधापर्यंत जाऊ. सरका जरा."

ड्रायव्हरला वाटलं त्या गंमत करतायत. पण त्यांनी दार उघडलं, पायरीवर पाय दिला आणि वर चढून बसल्या. मागे जागा न उरल्याने एक ट्रे खाली राहिला होता. तो त्यांनी मागून घेतला आणि मांडीवर ठेवला. मी पुढे झालो, काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आगाशे, तुमचं नंतर," त्या म्हणाल्या. "ते रिकामे ट्रे धुवायचेत, बघा."

टेम्पो धुरळा उडवत सोलापूर रस्त्याकडे वळला. खिडकीतून त्यांच्या चेहऱ्याऐवजी उसाच्या हिरव्या पात्याच बाहेर आल्या होत्या, वाऱ्याने मागे झुकलेल्या, आणि त्या पात्यांतून एक हात पुढचा रस्ता दाखवत ड्रायव्हरला काहीतरी ठासून सांगत होता.